पाणी पिणारी भिंत

फार वर्षं झाली. किती, ते सांगणारी माणसंही आता उरली नाहीत. तेव्हाही नदी अशीच दमून समुद्राला भेटायची, आणि ती जिथे भेटते तिथे, खाडीच्या तोंडाशी, कांदळजुवं नावाचं बेट होतं. भरतीला ते माशाच्या पाठीएवढं दिसे आणि ओहोटीला म्हशीच्या पाठीएवढं, असं म्हणतात.

बेटावर चाळीस घरं होती, थोडे माड होते, थोडी भाताची खाचरं होती, आणि चहूकडे खारं पाणी होतं. पण बेटाच्या मावळतीच्या टोकाला एक तळं होतं आणि त्या तळ्याचं पाणी गोड होतं. एवढ्या खाऱ्या पाण्याच्या मांडीवर हे गोडं पाणी आलं कुठून, हे कोणालाच उमगत नसे. जुनी माणसं म्हणत, एका पावसाळ्यात वाट चुकलेला ढग तिथे झोपला आणि उठायचा राहूनच गेला.

तळं आणि खाडी यांच्यामध्ये एक दगडी भिंत होती. ती कोणी बांधली हे ठाऊक नव्हतं, आणि ती उभी होती तोवर कोणी विचारलंही नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला सुरंगीचं एक झाड होतं.

बेटावर कुंभाराचं एकच घर होतं. त्या घरात भानू कुंभार चाक फिरवी आणि त्याची बायको आवडी चाकावरून उतरलेली ओली मडकी थापटीने थापटून गोल करी. आवडी फार बोलत नसे. चार बायका जमल्या की ती मागे उभी राही आणि मान खाली घालून सगळं ऐके. पण तिचा कान असा होता की, भाजलेल्या मडक्यावर बोटाची पेरं वाजवून ती सांगे, हे पाच वर्षं टिकेल, हे शिमग्याच्या आत फुटेल. आणि तसंच होई.

आवडी तळ्यावर रोज तीन खेपा करी. दोन खेपा घरासाठी, आणि तिसरी सुरंगीच्या मुळाशी. त्या झाडाखाली तिची मुलगी होती. बारा दिवसांची. नाव ठेवायचंसुद्धा राहिलं होतं. बेटावर सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून आवडी तिथे उभी असली की पाणी भरणाऱ्या बायका जरा थांबून मग पुढे जात.

एका वर्षी कोजागरीचं उधाण आलं. उधाणं दर वर्षी येतात, पण ते उधाण वेगळं होतं. पाणी चढलं, आणखी चढलं, आणि जुनी भिंत जणू पेंगत असावी तशी पुढे झुकली आणि खाडीत पडली. खारं पाणी तळ्यात शिरलं. ओहोटी लागल्यावर लोकांनी कांदळाच्या मेढी ठोकल्या, चिखल लिंपला आणि भगदाड कसंबसं बुजवलं. पण तळं मचूळ झालं, आणि हळूहळू पुन्हा गोडं होता होता माघ उजाडला.

पलीकडच्या गावातून एक गवंडी होडीने आला. त्याने पाण्यात हात घातला, जीभ लावली आणि मान हलवली. "इथे रोज दोनदा पाणी लागणार. ह्या पाण्यात आमचा चुना धरायचा नाय. मातीचं लिंपण होळीच्या उधाणापर्यंत राहील. मग काय ते बघा," असं म्हणून तो गेला.

होळीच्या पुनवेला, भर दुपारी, वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण येतं. आणि होळीनंतर पाऊस यायला तीन महिने असतात. तेव्हा तळ्यात खाडी शिरली, तर त्या तीन महिन्यांत प्यायला काय? सोमा गावकराच्या खळ्यात सगळे बसले. सोमा गावकर बेटाचा मानकरी, आवाज मोठा आणि मन हळवं. त्याने बराच वेळ मिशीवर हात फिरवला आणि मग ठरलं ते सांगितलं. होळीपर्यंत थांबायचं. भिंत होत नाही आणि पाणी आत येतं, असं दिसलं, तर होड्यांत बसायचं आणि बेट सोडायचं.

सगळ्यांनी मान डोलावली. मागे उभ्या असलेल्या आवडीने मान डोलावली नाही. घरातली भांडी होडीत घालता येतात, शेळ्या घालता येतात. झाड होडीत घालता येत नाही, आणि झाडाखालचं तर नाहीच.

इथून पुढे जे झालं ते बेटावर सगळ्यांना पाठ आहे.

मचूळ पाण्यात माती मळली की तिच्यात मीठ उतरतं. त्या वर्षी मडकी भाजायचा आवा उघडला तेव्हा निम्मी मडकी तडकली होती आणि उरलेल्यांचे पोपडे निघत होते. भानू कपाळाला हात लावून बसला. आवडीने खापरं टोपलीत भरली आणि ती मोडीच्या टेंबाकडे निघाली.

मोडीचा टेंब म्हणजे बेटाच्या उत्तरेला असलेला उंचवटा. जे मोडलं, फुटलं, संपलं ते तिथे टाकायचं, अशी रीत होती. फुटकी मडकी, कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले, चुलीतली राख, भाताच्या तुसांची राख. घरात माणूस गेलं की त्याचं मडकंही तिथेच जाई. टेंबावर गेलेली वस्तू परत आणायची नाही. फुटकं परत घरात आलं तर घराला तडा जातो, असं म्हणत, आणि पोरंसुद्धा तिथे खेळायला जात नसत.

आवडीने टोपली उपडी केली. एक मोठं खापर घरंगळत गेलं आणि खाली कुठेतरी आपटलं. आणि आवाज आला, टण्ण!

आवडी जागच्या जागी थांबली. तो आवाज मातीचा नव्हता. राखेचा नव्हता. चांगल्या भाजलेल्या, जाड बुडाच्या रांजणाचा असतो तसा तो आवाज होता. ती खाली उतरली, बोटाच्या पेरांनी वाजवून पाहू लागली, आणि एका जागी तिला टेंबाचा हातभर तुकडा दगडासारखा लागला. तिथे कधीतरी कोणी शिंपल्यांवर निखारे टाकले असतील. शिंपले जळून पांढरे झाले होते, पावसाने विरघळले होते, आणि त्यांच्यात खापरांचा चुरा आणि तुसांची राख मिसळून गेली होती. आपण टाकून दिलेलं सगळं तिथे एकमेकांना धरून बसलं होतं.

आवडी किती तरी वेळ तिथे बसून राहिली. समोर खाडी चकाकत होती, वर एक घार अगदी हळू फिरत होती, आणि तिला वाटलं, हा टेंब आपल्याशी काहीतरी बोलतो आहे आणि आपल्याशिवाय कोणालाच ते ऐकू येत नाही.

मग तिने शिंपले वेचले. ते आव्यात भाजले, पाण्यात टाकले. पाणी चुलीशिवाय उकळलं आणि भानू चार पावलं मागे सरकला. शिंपल्यांचा चुना झाला. त्यात आवडीने खापरांची पूड घातली, तुसांची राख घातली, आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या बारीक कापून घातला. ते सगळं तिने माती मळतात तसं पायांनी मळलं आणि मोडक्या भिंतीच्या एका कोपऱ्यात चार दगड त्यात बसवले.

आणि इथेच तिची चूक झाली. कुंभाराच्या घरातलं माणूसच करील अशी चूक. मातीचं भांडं पाण्यापासून जपावं लागतं. आधी सावलीत, मग उन्हात, मग आव्यात, आणि तोवर त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो. आवडीने जन्मभर तेच केलं होतं. तिने त्या चार दगडांवर माडाच्या झापांचं छप्पर केलं. भरती आली की ती पुढे चटया धरी आणि ओहोटी लागली की छप्पर काढून ऊन देई. आठ दिवस तिने त्या तुकड्याला पाणी म्हणून लागू दिलं नाही.

पाग टाकून मासे धरणारी द्वारकी पागीण रोज जाळं घेऊन तिथून जाई. तिची जीभ शिंपल्याच्या कडेसारखी धारदार होती. ती थांबून म्हणाली, "काय गो आवडे, भिंत वाळत घातलीस? कुरडया हायत त्या? आता आव्यात कधी भाजणार, ते सांग, बघायला येते!"

बायका हसल्या. आवडीने झापं सारखी केली.

नवव्या दिवशी तिने बोटाने वाजवून पाहिलं. भिंतीतून आवाजच आला नाही. सांध्यांना भेगा पडल्या होत्या, आणि अंगठ्याने दाबलं तर सगळं पिठासारखं झडत होतं. संध्याकाळपर्यंत बेटभर झालं की कुंभारणीने टेंबावरचं उचलून आणलं आणि म्हणून ते टिकलं नाही. सोमा गावकर मुद्दाम घरी येऊन म्हणाला, "बाये, मोडीला हात लावू नकोस. आधीच दिवस वाईट हायत." आवडीने चार दगड उचलून बाजूला ठेवले आणि झाकून ठेवलेला एक ओला गोळा उरला होता, तो मातीच्या खड्ड्यात टाकून दिला. तो खड्डा कायम पाण्याने भरलेला असे, कारण तिथे चाकासाठी माती भिजत पडलेली असे.

पुढे बरेच दिवस आवडी टेंबाकडे गेली नाही, असं म्हणतात. पण सुरंगीकडे ती रोज गेली.

मग मार्गशीर्षात एका सकाळी भानू माती काढायला त्या खड्ड्यात उतरला आणि ओरडला, "आई गं! मेलो!"

आवडी धावत आली. भानू एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाचा अंगठा धरून होता. "ह्या खड्ड्यात धोंडा कोणी टाकला? माझ्या बापाच्या वेळेपासून ह्या खड्ड्यात लोणी भिजतं, लोणी! त्यात धोंडा?"

"धोंडा कुठला येणार?" आवडी म्हणाली. तिने पाण्यात हात घातला आणि तो धोंडा बाहेर काढला. तो तिच्या हातात नीट बसला, कारण तो तिच्याच मुठीचा होता. तिच्या बोटांचे ठसे त्याच्यावर होते. तिने पेरं वाजवली.

टण्ण.

"अहो," ती भानूला म्हणाली, "हे पाण्यात होतं. महिनाभर पाण्यात होतं. मी त्याला पाण्यापासून राखत बसले, आणि त्याला पाणीच पाहिजे होतं."

भानू अंगठा चोळत म्हणाला, "म्हणजे माती पाण्याने मऊ होते, आणि हे पाण्याने घट्ट होतं?"

"हो."

"उलट्या काळजाचं दिसतंय," भानू म्हणाला. पण त्याने तो गोळा हातात घेतला आणि दिवसभर खाली ठेवला नाही.

आवडी लाजरी होती. पण त्या संध्याकाळी ती गावकराच्या खळ्यात गेली आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. तिने गोळा मध्ये ठेवला. सोमाने तो उचलला, उंबरठ्यावर आपटला, मग धोंड्यावर आपटला. कोपऱ्याचा टवका उडाला, पण गोळा फुटला नाही.

"ह्याची भिंत बांधू," आवडी म्हणाली. "शिंपले लागतील. राख लागेल. टेंबावरची सगळी खापरं लागतील."

सोमा हळूच म्हणाला, "टेंबावर माझ्या आयेचं मडकं हाय, आवडे. सगळ्यांच्या आया-बापाची हायत. ती कुटायची?"

आवडीने खाली बघतच विचारलं, "दादा, तुमची आये कुठलं पाणी प्यायली?"

"तळ्याचं. दुसरं कुठलं असणार?"

"मग तिचं मडकं तळ्याला राखील की टेंबावर निजून राहील?"

सोमाने उपरण्याने डोळे पुसले आणि उठून गेला. लोकांना वाटलं, रागावला. पण सकाळी पाहतात तर सोमा गावकर स्वतः टेंबावर होता, आणि त्याच्या डोक्यावर खापरांची टोपली होती.

त्या पौषात बेटावर जे चाललं ते पलीकडच्या लोकांना स्वप्नासारखं दिसे, असं म्हणतात. आव्यात शिंपले भाजत, आणि धूर सरळ वर जाऊन पांढऱ्या माडासारखा उभा राही. चाळीस घरांत चाळीस उखळं होती आणि चाळीस मुसळं एका तालात पडत. खापरांची तांबडी पूड आणि चुन्याची पांढरी पूड वाऱ्यावर उडे, आणि संध्याकाळी सगळी माणसं निम्मी तांबडी, निम्मी पांढरी होऊन घरी येत. बायका नवऱ्यांना ओळखत नसत. पोरं एकमेकांना भुतं म्हणत आणि हसून लोळत. द्वारकी पागिणीने बेटाभोवतालचा एकही शिंपला सोडला नाही. ती होडी भरून शिंपले आणी, आवडीपुढे ओती आणि म्हणे, "घे गो. मासे मी खाल्ले, कवचं तू खा." पण तिच्या बोलण्यात आता धार नव्हती.

माघ सरता सरता भिंत उभी राहिली. दगड जुनेच होते, खाडीतून वर काढलेले. पण सांधे नवे होते, फिकट तांबूस, आतून उजेड यावा तसे. आवडी थापटी घेऊन एकेक सांधा थापटत गेली, जसं मडकं थापटतात तसं, आत एक हात धरून आणि बाहेरून मारून. होळीला एकवीस दिवस होते.

तेव्हा एक म्हातारा बोलला. उधाणाच्या तोंडावर बांधलेली भिंत जीव मागते, असं तो म्हणाला. त्याच्या आजाने सांगितलं होतं. कोणी कोंबडा म्हणालं, कोणी बोकड म्हणालं, आणि एकदोघं काहीच न बोलता एकमेकांकडे बघत राहिली. ते बघणं चांगलं नव्हतं.

आवडी भिंतीला हात लावून उभी होती. ती म्हणाली, "भिंत रक्त मागत नाय. पाणी मागते."

"मग पाज की," कोणीतरी म्हणालं. "खाडी भरलेली हाय."

"खारं नाय चालायचं. मी मागाहून दोन गोळे करून ठेवले होते, एक गोड्या पाण्यात, एक खाऱ्या. खाऱ्या पाण्यातला पोपडे धरून झडला. खाडीला बाहेरच्या मेढी अडवतील, पण ही कोवळी हाय तोवर हिला गोडंच पाहिजे. एकवीस दिवस. अंग सुकता कामा नये."

पण तळं तळाला गेलं होतं. सोमा गावकराने महिनाभर आधीच वाटणी घालून दिली होती, घराला दिवसाला दोन घागरी, शेळ्या धरून. आणि वर ऊन तापत होतं. भिंतीला एकवीस दिवस पाजायचं, तर प्रत्येक घरातली एक घागर रोज द्यायला हवी होती.

द्वारकी भडकली. "ज्या पाण्यासाठी भिंत बांधली, तेच पाणी भिंतीला? माझी पोरं काय थुंकी गिळतील? आणि एवढं पाजून ती पडली तर?"

ते आवडीलाही माहीत नव्हतं. ती तळ्यात उतरली आणि तिने घागर भरली. वाटणीतली एक घागर सकाळीच घरी गेली होती. ही दुसरी. रोज ती याच घागरीतलं निम्मं पाणी घरी नेई आणि निम्मं सुरंगीच्या मुळाशी ओती. वाटणी झाल्यापासून तिसरी खेप उरली नव्हती, म्हणून ती स्वतःच्या वाटचं पाणी झाडाला देई. सगळ्या बायका बघत होत्या. आवडी झाडापाशी गेली. तिथे ती क्षणभर थांबली. झाडाची पानं मलूल झाली होती. मग ती झाडापासून वळली, भिंतीपाशी आली आणि तिने अख्खी घागर भिंतीवर ओतली.

थेंबही खाली आला नाही. भिंतीने सगळं पाणी आत घेतलं आणि त्या शांततेत सगळ्यांना आवाज ऐकू आला. बारीक, चुटचुट. तान्हं मूल पिताना करतं तसा.

आवडी तिथेच खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला.

द्वारकीने आपली घागर उचलली. ती तळ्यात उतरली, घागर भरली आणि आवडीच्या शेजारी उभी राहून तिने ती भिंतीवर ओतली. मग दुसरी आली. मग तिसरी. मग गावकरीण आली. सूर्य मावळेपर्यंत चाळीस घागरी झाल्या.

एकवीस दिवस बेट अर्ध्या तहानेवर जगलं. शहाळी उतरवून पोरांना दिली. तांदूळ एकदाच धुतले आणि ते धुवण शेळ्यांना पाजलं. भिंतीवर गोणपाट घातलं होतं, ते सकाळ-संध्याकाळ भिजवलं जाई. त्या दिवसांत बेटावर कोणी भांडलं नाही, कारण भांडलं की घसा सुकतो, असं म्हणतात. आणि सुरंगीची पानं एकेक करून गळत राहिली. आवडी रोज ती वेचून पदरात घेई.

होळीची पुनव आली. सकाळपासूनच होड्या भरून ठेवल्या होत्या. गाठोडी, उखळं, शेळ्या, म्हातारी माणसं. लोक होड्यांपाशी उभे राहिले आणि भिंतीकडे बघू लागले. आवडी मात्र भिंतीपाशी होती. तिच्या हातात थापटी होती.

दुपार झाली. वारा पडला. आणि पाणी यायला लागलं. त्या उधाणाला लाटा नव्हत्या, असं म्हणतात. अख्खी खाडी आरशासारखी गुळगुळीत होती आणि तशीच वर उचलली जात होती, जणू खालून कोणी तिला तळहातावर घेतलं होतं. कांदळ बुडाले. मेढी बुडाल्या. पाणी भिंतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आता खाडी तळ्यापेक्षा दोन पुरुष उंच होती आणि मध्ये फक्त ती भिंत होती, टाकलेल्या वस्तूंची.

आवडीने थापटीने भिंतीवर हलकेच टोला मारला.

टण्ण. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी भिंत एका घागरीसारखी वाजली. होड्यांतल्या लोकांनी ऐकलं. समुद्रानेही ऐकलं, असं म्हणतात. पाणी भिंतीच्या माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं. एखादं मोठं जनावर कुंपणाशी येऊन नाक लावून उभं राहतं, तसं ते उभं राहिलं. कोणी म्हणतं घटकाभर, कोणी म्हणतं दुपारभर. बगळेसुद्धा उडाले नाहीत. मग पाणी, कोणी हाक मारल्यासारखं, मागे वळलं.

सोमा गावकर पायऱ्या उतरून तळ्यात गेला. त्याने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. सगळं बेट त्याच्या गळ्याकडे बघत होतं.

"गोड हाय," तो म्हणाला, आणि एवढा मोठा आवाज असलेल्या माणसाला दुसरा शब्द काढता येईना.

मग एकच गलका झाला. माणसं रडली, हसली, पाण्यात पडली. आणि मागे द्वारकी आपल्या होडीत उभी राहून ओरडत होती, "अरे मेल्यांनो, माझी गाठोडी कोण उतरवणार? चढवायला बरे सगळे होते!"

सुरंगीचं काय झालं, याबद्दल बेटावर दोन मतं आहेत. काही म्हणतात, पाचव्या दिवशी, एकही पान नसलेल्या फांद्यांवर ती अशी फुलली की खाडीतल्या होड्या वासाने वाट धरून आल्या. काही म्हणतात, नाही, ती गेली, आणि आज आहे ते तिच्या मुळातून आलेलं दुसरं झाड. आवडीला कोणी विचारलं नाही. तिला बेट सोडावं लागलं नाही, एवढं मात्र खरं.

पुढे लांबलांबच्या खाड्यांतून होड्या येत आणि आवडीला घेऊन जात. कुठे बांध फुटलेला असे, कुठे विहिरीचा कठडा. ती उतरली की लोक तिला फुटलेली जागा दाखवायला धावत. ती म्हणे, "ते मागाहून. आधी तुमचा उकिरडा दाखवा." मग ती तिथे बसून शिंपले, खापरं, राख चिवडत राही, आणि तिचा चेहरा जत्रेत आलेल्या पोरीसारखा होई. ती कधी गेली, कशी गेली, हे नीट कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं, ती म्हातारी होऊन घरीच गेली. कोणी म्हणतं, एका ओहोटीला ती भिंतीचा पाया थापटायला खाली उतरली आणि थापटत थापटत पुढे गेली, आणि अजून कधीकधी, पाणी अगदी शांत असलं की, भिंतीच्या बाहेरच्या अंगाने थापटीचा आवाज येतो.

कांदळजुव्यात तिचं देऊळ नाही. मूर्ती नाही. पण त्या बेटावर मडकं फुटलं तर पोराला कोणी मारत नाही. "आवडीला गेलं," एवढंच म्हणतात, आणि पोर ती खापरं उचलून भिंतीपाशी ठेवून येतं. वर्षभराची खापरं माघात कुटतात आणि जिथे सांधा झिजला असेल तिथे भरतात.

आता बेटावर पलीकडून नळ आला आहे. तरी होळीच्या पुनवेला, भर दुपारी, सगळे नळ बंद ठेवतात. सकाळपासून कोणी पाणी प्यालेलं नसतं, लहान मुलं सोडून. प्रत्येक घरातून एक घागर तळ्यावर येते आणि भिंतीवर ओतली जाते. मग सगळे गप्प उभे राहतात. बेटावरची सगळ्यात म्हातारी बाई पुढे होते, भिंतीला कान लावते आणि डोळे मिटते. ऊन तापलेलं असतं, ओठ सुकलेले असतात, आणि कोणी हलत नाही.

मग ती म्हातारी म्हणते, "प्याली."

आणि मग सगळं बेट पाणी पितं.